विरामची खूण

डॉ. समीना बागवान यांनी पडदा मल्लिनाथकडे वळवला.

"हे तुमचे शुक्रजंतू. परवाच्या नमुन्यातले."

करड्या पाण्यात काहीतरी वळवळत होतं. मल्लिनाथ कोरे पुढे वाकला. सोलापूरहून मंगळवेढ्याच्या वाटेवर जो मोठा सोलर पार्क झाला आहे, तिथे तो देखभाल अभियंता होता. पडद्यावर बघून बिघाड शोधायची त्याला सवय होती. इथला बिघाड शोधावाच लागत नव्हता. प्रत्येक जंतूला बारीक, चमकदार मणी चिकटले होते, कुणाच्या डोक्याला, कुणाच्या शेपटीला. जंतू जागच्या जागी थरथरत होते. पुढे एकही जात नव्हता.

"संख्या भरपूर आहे," डॉक्टर म्हणाल्या. "आकारही चांगला. पण हे मणी बघा. ते आम्ही टाकलेत. नुसत्या जंतूला ते चिकटत नाहीत. जंतूवर प्रतिपिंडं बसलेली असली तरच चिकटतात. तुमच्या जवळजवळ प्रत्येक जंतूवर ती बसली आहेत. तुमच्याच शरीराने तयार केलेली."

"माझ्याच विरुद्ध?"

"हो."

मग त्यांनी त्याला समजावून सांगितलं. आपलं कोण आणि परकं कोण, हे शरीराची संरक्षक यंत्रणा अगदी लहानपणी शिकून घेते. शुक्रजंतू मात्र तयार व्हायला लागतात वयात आल्यावर. शिकवणी संपून गेलेली असते आणि मग हे नवे लोक घरात येतात. म्हणून निसर्गाने त्यांना पेशींच्या घट्ट भिंतीआड ठेवलेलं असतं. रक्ताला त्यांचा पत्ताच नसतो. मार लागला, शस्त्रक्रिया झाली किंवा कसला संसर्ग झाला, की ती भिंत एखाद्या ठिकाणी फुटते. मग रक्तातले पहारेकरी घरच्याच माणसांना चोर समजून धरतात. हे सगळं फार पूर्वीपासून ठाऊक होतं आणि मण्यांची चाचणीही जुनीच होती. नवीन होतं ते खोलीच्या कोपऱ्यात गुणगुणणारं, कपाटाएवढं यंत्र. प्रतिपिंड जंतूला नेमकं कुठे धरतं, ते हे यंत्र वाचत असे.

"भिंत फुटून झालेली प्रतिपिंडं असली, तर ती शंभर ठिकाणी धरतात," डॉक्टर म्हणाल्या. "बाजारात लोक चोराला धरतात ना, कुणी कॉलर, कुणी हात, कुणी केस, तसं. तुमची सगळी एकाच जागी धरतात. अशी पकड आपोआप येत नाही, शिकवावी लागते. तुम्ही विराम घेत होतात हे आधी सांगितलं असतंत, तर ही तपासणी करावीच लागली नसती."

विराम म्हणजे काय हे मल्लिनाथला माहीत होतं. बसथांब्यावर त्या लशीच्या जाहिराती असत. पुरुषांसाठीची गर्भनिरोधक लस. वर्षातून एकदा दंडावर टोचायची. शरीर जंतूंवरची एकच जागा ओळखायला शिकतं आणि तेवढं वर्ष जंतू लुळे पडतात. पुढची टोचणी चुकवली की शिकलेलं हळूहळू विसरतं. त्याच्या पार्कमधल्या दोघा-तिघांनी ती घेतली होती आणि त्यावरून जेवणाच्या सुट्टीत चेष्टाही चालायची.

"मी विराम घेतलेली नाही," तो म्हणाला.

डॉक्टरांची बोटं कळफलकावर थांबली.

"नीट आठवा. या लशीत दर वर्षी एक निराळी खूण घालतात. निरुपद्रवी प्रथिनाचा तुकडा असतो. बनावट माल ओळखता यावा म्हणून कायद्यानेच तसं ठरवलंय. रक्तात त्या खुणेची आठवण राहते. तुमच्या रक्तात पाच वर्षांच्या पाच खुणा आहेत. एकही वर्ष चुकलेलं नाही."

टेबलावरच्या काचेवर बोटाचा एक ठसा उमटलेला होता. मल्लिनाथ त्या ठशाकडे बघत राहिला. दर वर्षी, पाऊस सुरू व्हायच्या आधी, शिवलीला घरातल्या सगळ्यांना ओळीने बसवून फ्लूची लस टोचायची. आधी त्याच्या आईला, अव्वाला, मग त्याला. शिवलीला त्याची बायको. सरकारी दवाखान्यात परिचारिका होती आणि गेली सहा वर्षं लसीकरण विभागातच होती.

"मल्लिनाथराव, नकळत कुणी ही लस दिली असेल, तर तो गुन्हा आहे," डॉक्टर हळू आवाजात म्हणाल्या. "मला कळवावं लागेल. तुम्ही स्वतः कुठेतरी गुपचूप घेतली असेल, तर तेवढंच लिहून घेऊन मी प्रकरण मिटवू शकते. पण दोन्हींपैकी एक उत्तर मला हवंच. सोमवारी या."

तो उठला. त्याला राग आला नव्हता. आपल्याला राग यायला हवा, हे त्याला कळत होतं, पण तो कुठून काढायचा ते समजत नव्हतं. तो तसाच पार्कवर गेला. पॅनेल पुसणारं एक यंत्र रुळावर अडकलं होतं. त्याने ते सोडवलं, चाकातली माती काढली, वंगण घातलं. ऊन मी म्हणत होतं. दुपारी त्याने डबा खाल्ला. भाजी कसली होती, हे संध्याकाळी त्याला आठवेना.

घरी अव्वा दारातच बसली होती. गुडघे गेले होते, पण आवाज खणखणीत होता.

"काय म्हणाली रे डॉक्टरीण? तुझ्यात काय निघणार म्हणा. उगीच सरकारनं नियम काढलाय, आधी नवऱ्याला तपासा म्हणून."

"सोमवारी सांगणार आहेत."

"एकदा हे झालं की टेस्ट ट्यूबचं बघा. हिचं वय काय थांबतंय का?"

आत शिवलीला भाकरी थापत होती. तिने मान वर केली, मल्लिनाथकडे बघितलं आणि पुन्हा परातीत हात घातला. तेवढ्यात त्याला कळलं की तिला कळलंय.

रविवारी चार वाजता तो म्हणाला, "चल, जरा बाहेर जाऊन येऊ." ती काही न विचारता निघाली. सिद्धेश्वर तलावाच्या काठी एका दगडी बाकावर ती दोघं बसली. पाणी खाली गेलं होतं. समोर एक बाई आपल्या मुलाला कणसाचे दाणे सोलून देत होती.

"तू देत होतीस," मल्लिनाथ म्हणाला.

"हो."

एवढं सोपं उत्तर येईल, असं त्याला वाटलं नव्हतं. पुढे काय विचारायचं ते त्याने ठरवलेलं नव्हतं.

"कुठून आणायचीस?"

"माणूस नाव नोंदवतो आणि येत नाही. फोडलेल्या कुपीतला त्याचा डोस मग टाकून द्यावा लागतो. तोच."

"मला सांगितलं का नाहीस?"

शिवलीलाने पदर सारखा केला. "सांगितलं होतं. पोर गेल्यावर महिन्याभराने सांगितलं, मला दुसरं नको. तुम्ही म्हणालात, आत्ता तसं वाटतंय, होईल सवय. मग दिवाळीत पुन्हा सांगितलं. तुम्ही म्हणालात, अव्वाच्या तोंडाकडे तरी बघ."

मल्लिनाथने आठवून बघितलं. दिवाळीतलं आठवलं. तो कंदील लावत होता, शिवलीला खाली शिडी धरून उभी होती. आपण काय बोललो ते आठवलं नाही, पण आपण खाली बघितलं नव्हतं, एवढं आठवलं.

त्यांची मुलगी तीन वर्षांची होऊन गेली होती. साधा ताप म्हणून दवाखान्यात नेलं आणि तो ताप मेंदूत गेला. घरी परत आणलं ते कपड्यात गुंडाळून. बाराव्याला आलेल्या प्रत्येकाने एकच वाक्य म्हटलं, तरुण आहात, दुसरं होईल. पहिल्यांदा ते मल्लिनाथच म्हणाला होता. दवाखान्याच्या व्हरांड्यात, शिवलीलाच्या पाठीवर हात ठेवून. दुसरं काय म्हणायचं ते त्याला तेव्हा सुचलं नव्हतं.

"स्वतः काही घ्यायचंस," तो म्हणाला. "गोळ्या, तांबी. माझ्या अंगात कशाला?"

"माझं अंग रिकामं होतं कधी?" ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. दवाखान्यात रुग्णाला औषधाच्या वेळा सांगाव्यात, तशी ती बोलत होती. "वर्ष झालं नाही तोवर अव्वांनी पहिल्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. मग दुसरीकडे, मग पुण्याला. सोनोग्राफी, रक्त, नळ्यांमध्ये औषध सोडून फोटो, दुर्बीण. गोळी घेतली असती तर रक्तात दिसली असती. तांबी तर पहिल्याच सोनोग्राफीत दिसली असती. माझ्यात लपवायला जागाच नव्हती. तुमच्याकडे कुणी बघत नव्हतं."

समोरचं मूल दाणे फेकून कबुतरांना बोलवत होतं.

"तुम्हाला दर वेळी डॉक्टर सांगायचे, मिस्टरांची पण तपासणी करा. तुम्ही म्हणायचात, मला काय झालंय, एक झालं नव्हतं का? मी मनाशी ठरवलं होतं. तुम्ही ज्या दिवशी तपासायला जाल, त्या दिवशी हे बाहेर येईल, तर येऊ दे. मी अडवणार नाही. पाच वर्षं मी वाट बघितली."

"आणि पुण्यात ती इंजेक्शनं घेतलीस? बीज वाढवायची? पोट फुगायचं तुझं. उलट्या व्हायच्या."

"ते सोपं होतं. त्यातून काही होणार नाही, हे मला ठाऊक होतं."

मल्लिनाथने आपल्या डाव्या दंडावर हात ठेवला. तिथे काहीच नव्हतं, साधा व्रणसुद्धा नव्हता. त्याने पाच वर्षं वाट बघितली होती, दर महिन्याला. बाथरूममधून बाहेर येणाऱ्या शिवलीलाचा चेहरा बघून त्याला कळायचं आणि तो पेपर उघडायचा. त्या प्रत्येक वेळी तिला आधीपासूनच माहीत होतं. हे फार मोठं आहे, असं त्याने स्वतःला सांगितलं. ऐकू आलं, पण लांबून आल्यासारखं.

"उद्या काय सांगणार?" तिने विचारलं.

"तुझी नोकरी जाईल. तुरुंगही होऊ शकतो."

"माहीत आहे."

घरी परत जाताना त्यांनी कोपऱ्यावर कोथिंबीर घेतली.

सोमवारी दोघंही गेली. शिवलीला बाहेर बाकावर बसली. तिने दवाखान्यात रजा टाकली होती आणि हातातल्या बांगड्या काढून पर्समध्ये ठेवल्या होत्या. पोलिसांनी नेलं तर बांगड्या जमा करून घेतात, असं तिने कुठेतरी ऐकलं होतं.

मल्लिनाथ आत गेला. डॉक्टरांनी दार लावून घेतलं.

"मीच घेत होतो," तो म्हणाला. "पुण्यात. खाजगीत. एका ओळखीच्या माणसाकडून."

रात्री तो काही ठरवून झोपला नव्हता. तोंड उघडल्यावर हेच बाहेर आलं. गुन्हा म्हटलं की शिवलीला पोलिसांच्या गाडीत चढते आहे असं चित्र त्याच्यापुढे यायचं, आणि ते बघायची ताकद आपल्यात नाही, एवढंच त्याला कळत होतं.

डॉक्टरांनी ते टिपून घेतलं नाही. त्यांच्यासमोर दुसरीही एक फाइल उघडी होती. त्याच्या बायकोची.

"मूल नको होतं तुम्हाला?"

"नको होतं."

"मग पाच वर्षं तुम्ही त्यांना या टेबलांवर का झोपवलंत? एकदा भूल जास्त झाली होती, इथे लिहिलंय. सही तुमची आहे. तुम्ही एकदा तरी म्हणायचं होतं, पुरे."

मल्लिनाथने जे सांगितलं ते खोटं होतं, पण हा प्रश्न खोटा नव्हता. खरं सांगितलं असतं, तरी तोच प्रश्न तसाच त्याच्यापुढे उभा राहिला असता. तो म्हणाला, "माहीत नाही," आणि बाहेर आला.

शिवलीला उठून उभी राहिली.

"झालं," तो म्हणाला. "मीच घेत होतो, असं सांगितलंय. मिटेल. घरी चल."

ती आभार मानेल असं त्याला वाटलं नव्हतं. ती रडेल असं वाटलं होतं. ती रडली नाही.

"मला विचारलंत?"

"काय?"

"हे सांगू का, असं मला विचारलंत? काल तिथे एवढा वेळ बसलो. रात्रभर शेजारी होतात." तिचा आवाज पहिल्यांदा चढला होता. बाकावरची बाई वळून बघू लागली. "मी वाईट केलं. तुमच्या अंगात सुई घातली तुम्हाला न विचारता. पण केलं ते मी केलं. आता तेही तुम्हीच केलं म्हणायचं? घरी जाऊन अव्वांनाही तसंच सांगाल आणि मी पुन्हा बिचारी होऊन बसू?"

"अगं, तुला वाचवायलाच ना—"

"मला वाचवू नका."

तिने पर्स त्याच्या हातात दिली, दार ढकललं आणि आत गेली. दार आपोआप मिटलं.

मल्लिनाथ पर्स घेऊन उभा राहिला. आतलं काहीच ऐकू येत नव्हतं. स्वागतकक्षातल्या मुलीने विचारलं, "काका, नंबर आहे का तुमचा?" त्याने मान हलवली. बाहेर जाऊन गाडीत बसावं, असं त्याला वाटलं. ते त्याला जमणारं होतं. इतकी वर्षं तो प्रत्येक दवाखान्यात असाच बाहेर थांबला होता, पेपर वाचत, फोन बघत, आणि तिला आतून आणून सोडलं की गाडी काढत. त्याने दाराचा दांडा धरला. जरा वेळ नुसता धरून ठेवला. मग तो आत गेला आणि शिवलीलाच्या शेजारच्या खुर्चीत बसला.

डॉक्टरांनी दोघांकडे आळीपाळीने बघितलं.

"यातलं खरं कुठलं?"

"ती सांगते ते," मल्लिनाथ म्हणाला.

शिवलीला बोलत राहिली. कुठल्या वर्षी कुठली कुपी, कसं नेलं, थंड कशात ठेवलं, काय सांगून टोचलं. ती काहीच लपवत नव्हती आणि काही जास्तही सांगत नव्हती. मल्लिनाथने सगळं ऐकलं. मध्येच एकदा त्याने हात मांडीखाली घातले.

पुढे चौकशी झाली. शिवलीलाला आधी निलंबित केलं, मग तिची नोंदणी तीन वर्षांसाठी काढून घेतली. खटला उभा राहिला. आपली तक्रार नाही, असं मल्लिनाथने सांगितलं. न्यायाधीशांनी ते नोंदवून घेतलं, पण विश्वासाच्या जागेवर बसून केलेला गुन्हा असा सहज सोडता येत नाही, म्हणाले. शिक्षा झाली, ती स्थगित ठेवली. वर्तमानपत्रांत नावं न घेता दोन दिवस चर्चा झाली. कुणी तिला राक्षसीण म्हटलं. पुरुषाची तपासणी आधी करायचा नियम वीस वर्षांपूर्वीच का केला नाही, असंही एकाने लिहिलं.

अव्वाने ऐकलं तेव्हा ती मल्लिनाथला म्हणाली, "मल्लू, तू ह्या बाईबरोबर राहणार?" तो म्हणाला, "अजून ठरवलं नाही." अव्वा अक्कलकोटला लेकीकडे निघून गेली. जाताना तिने शिवलीलाकडे पाठ फिरवली, पण उंबऱ्याबाहेर जाऊन थांबली. "पुण्याला तू ओकत होतीस तेव्हा तरी मला सांगायचं होतंस," एवढं बोलून ती गाडीत बसली.

घरात दोघंच उरली. मल्लिनाथ पुढच्या खोलीत झोपायला लागला. लागेल तेवढंच बोलणं होई. पाणी आलंय, सिलिंडर संपलाय. रक्तातली शिकवण हळूहळू उतरेल, वर्षभरात सगळं पूर्ववत होईल, असं डॉ. बागवान यांनी त्याला कळवलं. त्याने तो निरोप वाचला आणि फोन पालथा ठेवला. शिवलीलाच्या हातचा चहा घेताना सुरुवातीला तो कपात बघून मग पीत असे. ती ते बघायची. काही आठवड्यांनी ते बघणं आपोआप बंद पडलं.

भाद्रपदातल्या एका संध्याकाळी तो पार्कवरून आला. शिवलीला ओट्याशी उभी होती, आमटीला उकळी येत होती. तो बूट काढून स्वयंपाकघराच्या दारात आला आणि तिथेच थांबला.

"तुला काय हवंय?" त्याने विचारलं.

"कशाचं?"

"असंच. पुढे. इथे राहायचंय, नाही राहायचं. कसंही. मी विचारतोय."

तिने आमटी ढवळली. "अजून कळत नाही," ती म्हणाली. "इथे राहावं वाटतं कधी. कधी नाही वाटत."

"बरं."

"आणि तुम्हाला?"

"मला काय?"

"तुम्हाला काय हवं होतं? इतकी वर्षं मूल, मूल चाललं होतं. ते अव्वांना हवं होतं. तुम्हाला काय हवं होतं?"

मल्लिनाथने बोलायला तोंड उघडलं. हे त्याला कुणी विचारलं नव्हतं आणि त्यानेही स्वतःला विचारलं नव्हतं. मूल हवं होतं, असं तो म्हणणार होता. तो शब्द जिभेवर आला आणि त्या शब्दाला एकच चेहरा होता, लेकीचा. पुढच्या दोन दातांत फट, कपाळावर गोंदणासारखा तीळ. दुसरा कुठलाच चेहरा त्या शब्दामागे कधी नव्हता.

"ईश्वरी," तो म्हणाला.

तो दाराच्या चौकटीला धरून खाली बसला. गुडघ्यांत डोकं गेलं. घशातून येणारा आवाज त्याचा त्यालाच ओळखू येत नव्हता.

शिवलीलाने गॅस बंद केला आणि ती त्याच्यासमोर जमिनीवर येऊन बसली.